कोरडी बोटे

कार्यवाहांच्या पत्राला मी उत्तर दिले नाही, हे खरे. पत्र साधेच होते. वर ग्रंथालयाचा शिक्का, खाली हिरव्या शाईतली सही, आणि मधला मजकूर असा, की नव्या स्पर्शटेबलाच्या निमित्ताने समिती एक छोटी पुस्तिका काढते आहे, तीत आपल्यासारख्या जुन्या, अनुभवी सेवकाचे चार शब्द असावेत अशी सर्वांची इच्छा आहे, तरी अभिप्राय लवकर कळवावा. मी ते वाचले, घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिले. उत्तर लिहायचे नव्हते असे नाही. उत्तर रोज लिहीत होतो, फक्त मनात, आणि मनातल्या उत्तराला कोणी तिकीट लावत नाही. आज दुपारी दारावर टकटक झाली, जुळारी उभा होता, त्याने हातातली पुस्तिका माझ्यापुढे धरली, आणि मला कळले की उत्तर गेलेले आहे. माझ्या नावाने गेले आहे. तिसऱ्या पानावर माझे छायाचित्र, निवृत्तीच्या निरोपाच्या दिवशीचे, डोळे अर्धवट मिटलेले, आणि खाली अवतरणचिन्हांत: ‘बोट टेकवले की पुस्तक हजर! या टेबलाने मला पुन्हा तरुण केले!’ मी जन्मात लिहिताना उद्गारचिन्ह वापरलेले नाही. पत्रात नाही, परीक्षेत नाही, लग्नाआधी हिला लिहिलेल्या चिठ्ठ्यांतसुद्धा नाही. हे वाक्य माझे नव्हे हे सिद्ध करायला ती दोन चिन्हे पुरेशी होती. पण सिद्ध कोणापुढे करायचे, हा प्रश्न होता, आणि ज्याच्यापुढे करायला हवे होते तो दारातच उभा होता.

“छान लिहिलंत, मास्तर,” जुळारी म्हणाला. “मला वाटलं होतं, तुमचंही बोट माझ्यासारखंच. बरं झालं, तुमचं चालायला लागलं.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागले. टोमणा असता तर मी काही बोललो असतो. जुळारी म्हणजे छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात ज्याचा जन्म गेला तो माझा मित्र; मित्र म्हणजे असा, की ग्रंथालयात मागणीच्या खिडकीपाशी मी पुस्तकांच्या कार्डांचे खण लावत असे आणि तो समुद्रप्रवासांची पुस्तके मागायला येत असे, आणि आमचे बोलणे पुस्तकाच्या नावापलीकडे क्वचितच जाई. खिळे आणि ते धुवायचे क्षाराचे पाणी यांनी त्याच्या बोटांची टोके झिजून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली आहेत. टेबल आल्यापासून तो ग्रंथालयात दिसेनासा झाला होता. मी त्याला आत बोलावले. तो म्हणाला, घाईत आहे. हा माणूस कधीच घाईत नसतो. तेवढ्यात ही आतून हात पुसत आली, आलात तसे जाऊ नका, चहा टाकलाय, म्हणाली, आणि बाईमाणसाला नाही म्हणायचे कसे हे ठाऊक नसल्यामुळे जुळारी खुर्चीच्या कडेवर टेकला. मी पुस्तिका धरून तसाच उभा राहिलो. आतून पातेल्याचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात सगळे एकदम बोलायला लागले होते.

टेबलाच्या उद्घाटनाच्या दिवशी मी कोणाच्या दिवाणखान्यात नव्हे, माझ्याच ग्रंथालयात गेलो होतो, आणि पाहुण्यासारखा चपला कुठे काढू म्हणून विचारत होतो, यातच सगळे आले. कार्डांची कपाटे जिथे उभी असत तिथल्या फरश्या बाकीच्यांपेक्षा उजळ होत्या. जणू तिथे अजून काही उभे होते. त्यांच्या जागी ते टेबल. काळे, चकचकीत, साचलेल्या पाण्यासारखे. अक्षरावर बोट टेकवले की पुस्तकांची मुखपृष्ठे खालून तरंगत वर येत. दोन बोटे फाकवली की पान मोठे होई. चौघांनी चार बाजूंनी एकदम बोटे लावली तरी टेबल गोंधळत नसे. हवे ते पुस्तक दाबले की कोठारात निरोप जाई. मागणीच्या चिठ्ठ्या बंद केल्या होत्या. खिडकीवर फळी ठोकली होती. म्हणजे पुस्तक मागायचे तर ते टेबलालाच मागायचे. समितीच्या लोकांनी चहा घेतला, कागदी बशांतून वेफर्स खाल्ले, आणि एकेकाने बोट लावून पाहिले. अध्यक्षांचे लागले, खजिनदारांचे लागले, अध्यक्षांच्या बायकोने तर दहाही बोटांनी पुस्तके अशी विसकटली की सगळे टाळ्या वाजवायला लागले. मला चारचौघांत खाता येत नाही. चुरा पडतो, आवाज होतो, लोक बघतात असे वाटते. मी माझी बशी कुंडीमागे ठेवून दिली होती. मग कार्यवाह म्हणाले, आता आमचे कार्डमास्तर. मी बोट टेकवले. काही झाले नाही. पुन्हा टेकवले. पुस्तके आपापल्या जागी स्वस्थ पोहत राहिली, तळ्यावर कोणी आलेच नाही अशी. “काका, घाबरू नका, चावत नाही ते,” कार्यवाह म्हणाले, आणि लोक हसले. मी नख पांढरे होईपर्यंत दाबले. मागून कोणीतरी विचारले, अंगात रक्त आहे ना. टेबल बनवणारा तरुण सभ्य होता. त्याने माझ्याकडे न पाहता कार्यवाहांना समजावले, की ज्येष्ठांना सवय व्हायला वेळ लागतो. सवय. बोट टेकवायला सवय कसली लागते? आंधळासुद्धा भिंतीला बोट टेकवतो. पण मी मान डोलावली. होय, सवय नाही, असे बहुधा पुटपुटलोही. आयुष्यभर मी असाच ज्यांची चूक त्यांची समजूत काढत आलो आहे.

घरी येऊन मी बोट दिव्याखाली धरून पाहिले. ते बोट मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. पूर्वी याच बोटांमुळे मला नोकरी मिळाली होती. आमच्या वेळच्या मुख्य ग्रंथपालांनी उमेदवारांना एकेक कोरे कार्ड हातात धरायला दिले होते, आणि बोलता बोलता परत घेऊन उजेडात तिरके करून पाहिले होते. ज्यांच्या बोटांचे ओलसर ठसे उमटले ते घरी गेले. घामट हाताने शाई फुटते, कार्ड मऊ पडते, कडा काळ्या होतात. माझे कार्ड कोरे राहिले. कोरड्या हाताचा माणूस, ग्रंथपाल मला म्हणाले, आणि ती पदवी मी विद्यापीठाच्या पदवीपेक्षा जपली. आता तेच कोरडे बोट लोकांच्या हसण्याचा विषय झाले होते. मला राग आला. पण माझा राग शंकेखोर आहे, तो बाहेर पडण्याआधी आरशात पाहतो. खरेच माझ्या बोटातले काही गेले असेल तर? यंत्र खोटे कशाला बोलेल? यंत्राला माझ्याशी काय वैर? कार्यवाहांचे पत्र आले ते त्याच आठवड्यात. चार शब्द मागत होते. चार शब्द लिहायचे तर आधी मला कळायला हवे होते की दोष कोणाचा. ते विचारणार कोणाला? विचारले असते तर पुन्हा कोणीतरी सवयीबद्दल बोलले असते. म्हणून मी ठरवले, की असे एक टेबल आपणच करायचे.

हे ऐकून हिने फक्त विचारले, की जेवायच्या टेबलाला हात लावणार नाही ना. मुलीच्या लहानपणची कठड्याची खाट माळ्यावर पडून होती. ती खाली आणली, कठडे काढले, आणि वर ॲक्रिलिकची जाड शीट बसवायचे ठरले. तत्त्व मला वाचून कळले, आणि कळले तेव्हा फार आनंद झाला, कारण ते एखाद्या जुन्या गोष्टीसारखे होते. शीटच्या कडेतून प्रकाश आत सोडायचा. तो दोन पृष्ठांमध्ये कोंडला जातो, इकडून तिकडे आपटत राहतो, बाहेर पडत नाही. वरून बोट टेकले की त्या जागी तो फुटतो आणि खाली गळतो. खाली ठेवलेल्या कॅमेऱ्याला तो ठिपका दिसतो. संगणक ठिपके मोजतो. बस. टेबलाला बोट कळत नाही, त्याला गळती कळते. प्रकाशही असा निवडायचा की डोळ्यांना न दिसणारा. कॅमेऱ्याच्या पोटातली तो प्रकाश अडवणारी बारीक काच मी चिमट्याने उपटली, आणि उलट साधा उजेड अडवायला तिथे छायाचित्रांच्या जुन्या फिल्मचे काळे टोक कापून लावले. शीटच्या कडा पाण्याखाली घासायच्या होत्या, आधी जाड पॉलिश-कागदाने, मग बारीक, मग आणखी बारीक, कड काचेसारखी होईपर्यंत. ते काम मला इतके आवडले की संपल्यावर मी हिची एक फुलदाणीही घासून दिली, ती अर्थात बिघडली. दिवे जोडताना बोटे भाजली. एक दिवा उलटा जोडला की सगळी ओळ अंधारी, आणि हा अंधार दिसतही नाही; मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे तेव्हा कुठे जांभळट ठिपके दिसतात. मी अजूनही दिवे लागले का पाहायला आधी चष्मा पुसतो. चित्र वर फेकायला बंद पडलेल्या शिकवणीवर्गाचा प्रोजेक्टर मिळाला. पण खाटेची उंची कमी, म्हणून आरसा तिरका ठेवून चित्र वळवावे लागे, आणि घरात त्या मापाचा आरसा एकच. “माझं तोंड आता खाटेखाली वाकून बघायचं का?” ही म्हणाली. मी म्हणालो, थोडे दिवस. ती म्हणाली, थोडे दिवस म्हणजे तुम्ही कार्डं लावायला तीस वर्षं घेतली होती तेवढे का.

आणि मग माझेच टेबल मला ओळखेना. संगणकाच्या पडद्यावर काळोख. मी बोट टेकवत होतो आणि काळोख काळोखच राहत होता. ही भांडी विसळून आली, सहज हात ठेवला, तर पडद्यावर पाच चांदण्या. तिला हसू आवरेना. माझा इतका अपमान झाला की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. दुपारी ती झोपून उठल्यावर पुन्हा हात ठेवून गेली, तर तिचेही काही उमटले नाही. तेव्हा मी सावध झालो. पाण्याने ओले केले की माझेही बोट उमटे. पण उद्घाटनाच्या दिवशी ग्रंथालयात पाणी कोणाच्या बोटाला होते? उलट पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून त्या दालनात हवा कोरडी ठेवायचे यंत्र अखंड घरघरत असते. मी या कोड्यात अडकून पडलो. एका संध्याकाळी हिने बटाट्याचे काप तळले होते, मी ताटावरून तसाच उठलो, कुठली तरी तार सुटली होती ती पाहायला वाकलो आणि आधाराला हात टेकवला. पडदा उजळला. चार लखलखीत ठिपके. बोटे उचलली तरी त्यांचे धुरकट डाग मागे उरले. मी हाताकडे पाहिले. तेल. कागदी बशा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. अध्यक्ष, खजिनदार, अध्यक्षांची बायको, दहा बोटे. सगळ्यांनी वेफर्स खाल्ले होते. न खाणारा त्या सबंध दालनात मी एकटा होतो. तरुणाचे टेबल तेलाला ओळखत होते, समितीला नव्हे. अंगात रक्त आहे का, असे मला विचारले होते. खरे तर मला बरे वाटायला हवे होते; दोष बोटाचा नव्हता, कोड्याचे उत्तर मिळाले होते. पण झाले भलतेच. आतापर्यंत शंकेने दाबून धरलेला राग मोकळा झाला. यंत्र चुकले होते आणि मान मी खाली घातली होती. माझे सोडा, माझ्यानंतर किती जण तिथे बोट टेकवून, इकडेतिकडे पाहून, हात खिशात घालून घरी गेले असतील? आपल्यातच काही कमी झाले असे समजून? जुळारी येईनासा झाला तो का, हे मला तेव्हा उमगले.

उपायही वाचायला मिळाला. वर मऊ कातडी हवी. कोरडे बोट कडक शीटला धड टेकत नाही, कातडी मध्ये असली की ती दबून टेकते. खिडक्यांच्या फटी बुजवायचे सिलिकॉन आणले, ते पातळ केले, ट्रेसिंग पेपरवर रंगाऱ्याच्या रुळाने पसरले. घरभर आंबूस वास. शेजारच्या बाईंनी काय नासले म्हणून चौकशी केली. पहिला कागद सुरकुतला, दुसऱ्यावर बुडबुडे आले, नंतर एक नीट वाळला. हिने त्याला नाव दिले साय. साय पालथी घालून शीटवर पसरली आणि मी अगदी कोरडे, पुसलेले बोट टेकवले, तेव्हा खालून ठिपका उमटला, लहान, गोल, नेमका. मी ते बोट बराच वेळ उचललेच नाही. त्यानंतर मी कार्यवाहांना पत्र लिहायला बसलो. आपले पत्र पावले, आभारी आहे, असे सुरू करायचो आणि शेवटाकडे येता येता लिहायचो, की अर्थात माझीच काही चूक होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ते वाक्य कापले की पत्र उद्धट वाटे. ठेवले की पत्राला अर्थ उरत नसे. असे कागद फाटत राहिले. आणि तिकडे छापखान्यात पान तीनवर एक चौकोन माझी वाट पाहत होता.

चहा आला. हिने कप ठेवले, माझ्या हातातून पुस्तिका घेतली, लांब धरून वाचली आणि हसली. “पुन्हा तरुण केलं म्हणे. मला कसं कळलं नाही?” मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पुस्तिका हळूच मिटली. जुळारी हसला नव्हता.

“हे मी लिहिलेलं नाही,” मी म्हणालो. माझे मलाच ऐकू आले नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. जुळाऱ्याने विचारले, मग कोणी लिहिले. मी सांगितले, की त्यांनी मागितले होते, मी दिले नाही, म्हणून त्यांनीच देऊन टाकले. जुळारी बशीत चहा ओतत होता, तो थांबला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

“पानात जागा रिकामी राहिली की आम्ही फुलाचा ठोकळा बसवायचो,” तो म्हणाला. “माणूस कधी बसवला नाही.”

मी त्याला मागच्या खोलीत नेले. संगणक जागा व्हायला वेळ लागला. तेवढ्यात माझ्या पद्धतशीरपणाने घात केला. आधी साय काढून दाखवावे म्हणजे फरक कळेल, असे मला वाटले. मी म्हणालो, टेकवा. त्याने तर्जनी टेकवली. पडदा काळा. “माहीत आहे,” तो म्हणाला, आणि हात खिशात गेला. ग्रंथालयातही तो हात असाच खिशात गेला असणार, आणि आज तो माझ्या घरात, माझ्या सांगण्यावरून गेला होता. मी घाईघाईने साय पसरली, हिने कोपरे ओढून धरले, प्रोजेक्टर लागला. समुद्रप्रवासांच्या पुस्तकांची कार्डे मी घरच्या घरी पुन्हा लिहून, त्यांची छायाचित्रे काढून त्यात घातली होती. ती त्या सायीवर उमटली. आता टेकवा, ही म्हणाली. तो म्हणाला, नको. ती म्हणाली, अहो, टेकवून तर बघा. तो म्हणाला, वहिनी, राहू द्या. त्याचा खिशातला हात हलत नव्हता. मला एकदम भीती वाटली, की हा आता निघून जाईल, आणि पान तीनवरचा तो मिटल्या डोळ्यांचा माणूस म्हणजेच मी, असे याच्यापुरते कायमचे ठरेल. मी माझे बोट कार्डावर ठेवले आणि कार्ड त्याच्या बाजूला सरकवले. ते टेबलाच्या कडेशी, त्याच्या पोटापाशी जाऊन थांबले. तो वाचत होता. मग त्याने डावा हात काढला, उजवा नव्हे, आणि करंगळीने ते कार्ड कणभर मागे लोटले. कार्ड गेले. त्याने आणखी एक लोटले. मग उजवा हात बाहेर आला, आणि दोन्ही हातांनी तो कार्डे ओळीत लावायला लागला, भराभर, न बघता, खिळे लावावेत तशी.

“हे तिथं का नाही?” त्याने विचारले. त्याचा आवाज बदलला होता. “तुम्हाला कळलं होतं. मग तुम्ही गप्प का बसलात, मास्तर?”

“गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडात कोणीही काहीही घालावं का?” मी ओरडलो. माझा आवाज खोलीला मोठा झाला. “मी बोललो नाही म्हणजे मी होय म्हणालो? बोट लागलं नाही म्हणजे मी मेलो? ज्यांना वेफर्सच्या तेलाशिवाय एक टेबल चालवता येत नाही ते मला सवय शिकवतात. मी काय त्यांच्या पुस्तिकेतली भोकं बुजवायला जन्माला आलो?”

कार्डे थांबली होती. “हे त्यांना सांगा ना,” ही शांतपणे म्हणाली. “आमच्यावर काय ओरडता?”

कागद मी त्याच टेबलावर घेतला. मनगट टेकले की कागदाखाली कार्डे पळायला लागत. शेवटी हिने सगळे बंद केले. आपले पत्र पावले, असे लिहिले आणि पेन अडले. आभारी आहे हे पुढचे शब्द सवयीने बोटांत आले होते. तेव्हा जुळारी म्हणाला, की छापून झालेल्या चुकीला पत्र नसते, शुद्धिपत्र असते. प्रत्येक प्रतीत चिकटवायचे. त्यात कोणी आभार मानत नाही. मला ते पटले. मी तीस वर्षे शुद्धिपत्रे वाचून पुस्तकांच्या कार्डांवर नोंदी केल्या होत्या. असा कागद मला लिहिता येत होता.

‘पान तीन. “या टेबलाने मला पुन्हा तरुण केले!” याऐवजी असे वाचावे: या टेबलाला माझे बोट कळले नाही. दोष बोटाचा नव्हता. मी याखेरीज काहीही लिहून दिलेले नाही.’ आणि खाली कार्यवाहांना: ‘हे प्रत्येक प्रतीत चिकटवावे. टेबलावर घालायची साय आमच्याकडे तयार होते. येत्या सोमवारी आम्ही दोघे ती घेऊन येऊ. त्याआधी आपण हात धुऊन, पुसून, काही न खाता टेबलाला बोट लावून पाहावे. तोवर खिडकीवरची फळी काढून मागणीच्या चिठ्ठ्या सुरू कराव्यात, ही विनंती.’ शेवटचे दोन शब्द मी खोडले. मग पूर्ण नावाने सही केली. उद्धट वाटते का, म्हणून हिला विचारणार होतो. ती पाकिटाला तिकीट लावत होती.

टपालपेटी कोपऱ्यावर आहे. जुळारी बरोबर आला. वाटेत माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. त्यांचे टेबल आमच्या खाटेच्या दुप्पट, एवढा कागद अखंड मिळणार नाही. मी ते बोलून दाखवले. तो म्हणाला, दोन तुकड्यांना जोड देऊ. मी म्हणालो, जोड दिसेल. तो म्हणाला, दिसू दे. पेटीपाशी मी पाकीट फटीत घातले आणि क्षणभर धरून ठेवले. सोमवारी ते लोक हसतील, तरुण पुन्हा सवयीबद्दल बोलेल, आणि माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटेल, हे सगळे मला स्पष्ट दिसत होते. तरीही आम्ही जाणार होतो, हेही दिसत होते. मी पाकीट सोडले. ते आत पडल्याचा आवाज आला. राग उतरला नव्हता. तो घेऊनच मी जुळाऱ्याबरोबर, सिलिकॉनची आणखी एक नळी आणायला, दुकानाकडे वळलो.